सत्तावीस नंबरचा रूळ

भाऊसाहेबांचं ज्यावर मत नाही असा विषय जगात अजून निघायचा होता. चहात साखर कधी घालावी, जिन्यातले दिवे किती वाजता लावावेत, तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी दाढ कोणत्या बाजूने उपटावी, या सगळ्यांवर त्यांचं मत तयार असे आणि ते विचारण्याची वाट पाहत नसे. जमीन मोजणी कार्यालयात बावीस वर्षं हेडक्लार्की केल्यावर माणसाला दुसरं काय जमणार? अशा माणसाला सरकारने दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं, आणि त्या प्रशिक्षणाचा पहिला नियम होता : चर्चा घेणाऱ्याने स्वतःचं मत सांगायचं नाही.

झालं असं की, वरून एक पत्र आलं. प्रत्येक कार्यालयाने एक जबाबदार व्यक्ती पाठवावी. विषय : 'बालकांमध्ये नागरिकत्व व सामाईक मूल्यांची रुजवणूक, तात्त्विक संवादाच्या माध्यमातून.' जबाबदार व्यक्ती शोधायला साहेब स्वतः केबिनबाहेर आले. मोजणीवाले शेतात गेले होते, टायपिस्ट रजेवर होती, भाऊसाहेब चहा पीत होते. त्यामुळे जबाबदार तेच ठरले. त्यांनी विषय तीनदा वाचला, तीनदाही समजला नाही, आणि त्यामुळे त्यांना त्याबद्दल फार आदर वाटला.

प्रशिक्षण देणारी बाई त्यांच्या निम्म्या वयाची होती. तिने पन्नाशीच्या माणसांना फतकल मारून गोल बसवलं. मुलांना असंच बसवायचं, एक वस्तू हातोहात फिरवायची. वस्तू ज्याच्या हातात तो बोलणार, बाकीचे ऐकणार. आपण फक्त एवढंच विचारायचं : "तुला असं का वाटतं?" भाऊसाहेबांनी दोन दिवसांत सहा वेळा मत सांगितलं आणि सहा वेळा बाईंनी त्यांना अत्यंत गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला असं का वाटतं?" सहाव्या वेळी त्यांना आपल्याला असं का वाटतं हे खरंच आठवेना. घरी येताना त्यांच्याबरोबर एक फाईल, एक प्रमाणपत्र आणि धरलेली कंबर होती.

आता दुसऱ्या कुणी ती फाईल माळ्यावर टाकली असती. भाऊसाहेबांनी टाकली नाही, त्याला कारण होती त्यांची लेक. वय वर्षं अकरा. दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती बापाला सगळं विचारायची. मुंगी झोपते का, सावलीला वजन असतं का, पहिला शिक्षक कुणाकडे शिकला. भाऊसाहेब सांगायचे. माहीत असलं तर थोडक्यात, नसलं तर सविस्तर. मग हळूहळू तिचे प्रश्न बंद झाले. एकदा न राहवून त्यांनीच विचारलं, "काय गं, हल्ली मला काही विचारत नाहीस?" वहीतून मान वर न करता ती म्हणाली, "बाबा, विचारलं की तुम्ही सांगतच बसता." त्या दिवशी भाऊसाहेब जेवताना गप्प होते. बायकोने कपाळाला हात लावून ताप पाहिला.

तेव्हा मनात हेतू असा, की इमारतीतली मुलं गोळा करायची, लेकीलाही बसवायचं, आणि आपला बाप ऐकूही शकतो हे तिला दाखवायचं. नागरिकत्व काय, जाता जाता झालं असतं.

इमारतीच्या तळमजल्यावर सभागृह होतं. ते वापरायला अध्यक्षांकडे अर्ज करावा लागे. अध्यक्षांनी अर्ज वाचून विचारलं, "हे तात्त्विक म्हणजे आवाज किती होणार?" मग अटी आल्या : खुर्च्या ओढायच्या नाहीत, पंखा तीनवर नाही, आणि नागरिकत्व बाराच्या आत संपलं पाहिजे. शेजाऱ्यांनी सल्ले दिले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य म्हणाले, "प्रश्न कसले विचारताय? शंभर वाक्यं लिहून घ्या, मूल्यं आपोआप रुजतात." समोरच्या वहिनींचा मुलगा सात वर्षांचा, पुढचे दोन दात पडलेला, सतत शंका काढतो म्हणून सगळी इमारत त्याला शंकासूर म्हणे. वहिनींनी एकच विचारलं, "परीक्षा कधी असते?" परीक्षा नसते म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. पण रविवारचे दोन तास तो घरात नसणार, या एका मुद्द्यावर त्यांनी नाव नोंदवलं.

राहता राहिली हातोहात फिरवायची वस्तू. बायकोने लोकरीचा गुंडा दिला. पहिल्याच रविवारी तो तिसऱ्या मुलाकडे पोचेपर्यंत अर्धा सुटला आणि शेवटच्याकडे पोचेपर्यंत नऊ मुलं एकमेकांना बांधली गेली. सामाईक मूल्यांचं हे चित्र दिसायला चांगलं होतं, पण सोडवायला पाऊण तास लागला. मग भाऊसाहेबांना घरातला रूळ आठवला. ओळी आखायचा जुना लाकडी रूळ, हातभर लांब, गोल, गुळगुळीत. चौदा वर्षं तो घरात होता. त्याने खिडकी अडवली होती, झुरळं मारली होती, कपाटामागे गेलेल्या वस्तू बाहेर ओढल्या होत्या. आता त्याला तात्त्विक काम लागलं.

रूळ आला आणि वर्ग रंगला. 'नियम कशासाठी असतात?' हा पहिला प्रश्न. मुलं बोलू लागली की भाऊसाहेबांच्या पोटातून मत वर यायचं, घशापर्यंत पोचायचं, आणि ते दात घट्ट मिटून म्हणायचे, "तुला असं का वाटतं?" घरी जाईपर्यंत त्यांचा जबडा दुखायचा. दातांच्या डॉक्टरांनी फुकट तपासून दिला. लेक कोपऱ्यात बसायची, फारसं बोलायची नाही, पण बापाकडे मधूनमधून अशी पाहायची, जणू घरात नवा भाडेकरू आलाय.

मुलांनी ही विद्या घरी नेली, तेव्हा इमारतीला कळलं की काय सुरू झालंय. दातांच्या डॉक्टरांची मुलगी म्हणाली, "दोनदा दात घासायचे, असं का वाटतं तुम्हाला?" डॉक्टर उत्तर देता देता कामावर उशिरा पोचले. आवारात पाटी होती : 'येथे खेळण्यास सक्त मनाई आहे.' हे कुणी ठरवलं, हे विचारायला पाच मुलं अध्यक्षांच्या दारात उभी राहिली. अध्यक्षांनी जुनी इतिवृत्तं काढली, दोन दिवस चाळली. असा ठराव कुठे नव्हताच. शेवटी त्यांच्याच बायकोने सांगितलं की आधीच्या घरून सामान हलवताना ती पाटी चुकून टेम्पोत आली होती. चांगली रंगवलेली होती म्हणून त्यांनी लावून टाकली. आवारात खेळ सुरू झाला. अध्यक्ष भाऊसाहेबांना जिन्यात ओळख दाखवेनासे झाले. भाऊसाहेबांना मात्र आतून गुदगुल्या होत होत्या. समाजसुधारकांना थोडाफार त्रास व्हायचाच, असं ते बायकोला म्हणाले.

मग पाचवा रविवार आला. प्रश्न होता : 'जे सगळ्यांचं असतं, ते कुणाचं असतं?' बाग, नळ, रस्त्यावरचा बाक, यांवर चर्चा छान चालली होती. रूळ शंकासुराच्या हातात गेला. रुळाचं टोक डोळ्याजवळ नेऊन तो काहीतरी वाचत होता.

"काका, यावर लिहिलंय. मो. का. सत्तावीस. मो. का. म्हणजे काय?"

"मोजणी कार्यालय," भाऊसाहेब म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांना कळलं की काय बोललो.

"म्हणजे हा सगळ्यांचा आहे?"

"अं... तसा सरकारी आहे."

"मग तुमच्याकडे कसा?"

पंखा दोनवर फिरत होता. भाऊसाहेबांनी प्रशिक्षणातलं सगळं बळ एकवटून विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला वाटतं तुम्ही उचललात," शंकासूर म्हणाला. त्यात राग नव्हता की आरोप नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

भाऊसाहेबांनी लेकीकडे पाहिलं. ती मान खाली घालून चपलेचा बंद खेळवत होती. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एवढं झाल्यावर भाऊसाहेबांना काही पर्यायच उरला नाही. "उद्याच परत करतो," ते म्हणाले. परत करणं ही गोष्ट एवढी सोपी आहे, असं त्यांना त्या क्षणी मनापासून वाटलं, हे बावीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला शोभत नव्हतं.

सोमवारी ते रूळ वर्तमानपत्रात गुंडाळून भांडारपालाकडे गेले. वस्तू देताना भांडारपालाच्या जिवावर येतं, हे सगळ्या कार्यालयाला ठाऊक होतं. घेताना त्याहून जास्त येतं, हे त्या दिवशी कळलं.

"काय आहे हे?"

"सत्तावीस नंबरचा रूळ. माझ्याकडे राहिला होता. जमा करून घे."

भांडारपालाने साठ्याची नोंदवही काढली, बोट फिरवलं, आणि मान हलवली. "नाही घेता येणार, भाऊसाहेब. रूळ एकूण चाळीस. चाळीसच्या चाळीस भांडारात आहेत. सत्तावीस नंबरही आहे."

"अरे, तो माझ्या हातात आहे!"

"हातात असेल. वहीत तो इथे आहे. मी हा घेतला तर एक्केचाळीस होतील. एक वस्तू कमी पडली तर खुलासा देता येतो. जास्त झाली तर ती आली कुठून, हे कोण सांगणार?"

"पण दरवर्षी पडताळणी होते ना! कुणी पडताळलं?"

भांडारपालाने वही त्यांच्याकडे फिरवली. चौदा वर्षांची चौदा पानं. प्रत्येक पानाखाली 'प्रत्यक्ष मोजले, बरोबर आढळले', आणि त्याखाली एक डौलदार, शेपटीला दोन वेढे घेतलेली सही. ती सही कार्यालयात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे ओळखत. भाऊसाहेबांना तिचा फार अभिमान होता.

"आता तुम्हीच सांगा," भांडारपाल हळू आवाजात म्हणाला, "एकतर रूळ खोटा, नाहीतर सही खोटी. घरी घेऊन जा. पुढच्या महिन्यात अधीक्षकांची बढतीची यादी लागतेय, तुमचं नाव पहिलं आहे. एका दांडक्यासाठी कशाला?"

भाऊसाहेब दांडकं घेऊन घरी आले. तो आठवडा त्यांना वाईट गेला. बायको म्हणाली, "अहो, नवा रूळ आणा दुकानातून आणि मुलांना सांगा परत केला म्हणून. मुलांना काय कळतंय?" प्राचार्य म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, वाक्यं लिहून घ्या." सगळ्यांचा सल्ला शहाणपणाचा होता, आणि भाऊसाहेबांनाही तो पटत होता. रूळ रोज पिशवीतून कार्यालयात जायचा आणि तसाच परत यायचा. संध्याकाळी ते दारात आले की लेक आधी त्यांच्या पिशवीकडे पाहायची. पिशवीतून रुळाचं टोक बाहेर आलेलं दिसलं की वहीत डोकं घालायची. अधीक्षक व्हायचं स्वप्न भाऊसाहेबांनी नऊ वर्षं जपलं होतं. पण शनिवारी संध्याकाळी तिने पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि ते त्यांना सहन झालं नाही.

रविवारी त्यांनी तब्येतीचं कारण सांगून वर्ग बुडवला. सोमवारी ते साहेबांसमोर उभे राहिले. हातात रूळ आणि चार ओळींचा अर्ज : हा रूळ मी चौदा वर्षांपूर्वी घरी नेला. पडताळणीच्या सह्या मी वस्तू न मोजता केल्या. दोन्ही चुका माझ्या आहेत. रूळ जमा करून घ्यावा.

साहेबांनी अर्ज वाचला. चष्मा पुसून परत वाचला. "भाऊसाहेब, घरी सगळं ठीक आहे ना?"

"ठीक आहे, साहेब."

"मग हा मागे घ्या. अहो, हा वर गेला तर वरचे विचारतील, बाकीचे एकोणचाळीस मोजले का? आणि बाकीचे..." साहेब थांबले. त्यांची नजर खिडकीबाहेर गेली. का कोण जाणे, त्यांना एकदम घरची आठवण आल्यासारखं वाटलं.

भाऊसाहेबांनी अर्ज मागे घेतला नाही. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले, पण उभे राहिले. शेवटी साहेबांनी भांडार मोजायला लावलं. चाळीस रुळांपैकी तिथे निघाले सहा. त्यांतला एक उंदरांनी अर्धा कुरतडला होता. साहेबांनी तोंडी हुकूम काढला : आठ दिवसांत ज्याच्याकडे जे असेल ते गुपचूप टेबलावर ठेवावं, कुणी काही विचारणार नाही.

मग रूळ येऊ लागले. एकाला पडद्याच्या कड्या अडकलेल्या होत्या. एक कुणाच्या तरी स्टुलाचा पाय झाला होता, तो स्टुलासकट आला. निवृत्त होऊन दहा वर्षं झालेल्या दोघांनी आपापले रूळ मुलांकरवी पाठवले. एका सकाळी साहेब स्वतः लवकर आले आणि केबिनमधून बाहेर पडताना त्यांच्या हातात एक रूळ होता, त्याला अजून लहान मुलाच्या खेळण्यातली चाकं चिकटलेली होती. कुणी काही विचारलं नाही. आठव्या दिवशी भांडारपालाने मोजले आणि तो मटकन खाली बसला. रूळ त्रेचाळीस भरले होते. तीन पाटबंधारे खात्याचे होते.

जास्तीच्या तीन रुळांवर चौकशी बसली आणि ती अजून चालू आहे. भाऊसाहेबांना लेखी समज मिळाली. आणि अधीक्षकांची यादी लागली, तेव्हा तिच्यात त्यांचं नाव नव्हतं. 'एक वर्षाने पुनर्विचार व्हावा', असा शेरा होता. कार्यालयात चहाच्या वेळी त्यांच्या टेबलाशी कुणी थांबेना. ज्यांच्या घरचे पडदे उतरले होते, ते तर बोलतही नव्हते. भाऊसाहेबांना फार वाईट वाटलं. घरी आल्यावर त्यांनी शर्टाचा खिसा उगाच दोनदा उलटा केला आणि खुर्चीत बसून राहिले.

पुढच्या रविवारी बऱ्याच दिवसांनी वर्ग भरला. वस्तू म्हणून बायकोने पायमोज्यांचा गोळा करून दिला होता. भाऊसाहेबांनी तो हातात घेऊन सगळं सांगितलं. रूळ जमा झाला, समज मिळाली, यादीत नाव नाही. एवढं थोडक्यात त्यांनी आयुष्यात काही सांगितलं नव्हतं.

पायमोज्यांचा गोळा शंकासुराकडे गेला. "काका, मग खरं सांगून तुम्हाला काय मिळालं?"

भाऊसाहेबांच्या पोटातून मत निघालं. सत्य, कर्तव्य, उद्याचे नागरिक, सगळं बरोबर घेऊन ते घशापर्यंत आलं. नऊ चेहरे वाट पाहत होते, आणि खरं तर आज त्यांना बोलायचा हक्कही होता. पण बोलायला तोंड उघडलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की यातलं काही आपल्याला नक्की ठाऊक नाही.

"माहीत नाही रे," ते म्हणाले. "अजून काही मिळालेलं नाही."

मुलांनी ते उत्तर ऐकून घेतलं. शंकासुराने मान डोलावली आणि गोळा पुढे दिला. बारा वाजायला पाच मिनिटं असताना नागरिकत्व संपलं.

त्याच दुपारी भाऊसाहेब पेपर वाचत बसले होते. लेक येऊन समोर उभी राहिली. हात पाठीमागे.

"बाबा, एक विचारू?"

त्यांनी पेपर इतक्या घाईने खाली ठेवला की तो फाटला. "विचार ना."

"साहेबांच्या खोलीत जाताना तुम्हाला भीती वाटली होती का?"

धैर्यावर त्यांच्याकडे निदान अर्ध्या तासाचं भाषण तयार होतं. "वाटली होती," ते म्हणाले. "खूप वाटली. खुर्ची धरून उभा होतो."

"मग गेलात कसे?"

"तू रोज पिशवीकडे बघायचीस ना, म्हणून."

लेकीने हात पुढे केले. हातात समुद्रातल्या प्राण्यांवरचं एक जाड पुस्तक होतं, शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का असलेलं. आतल्या कागदावर परत करायची तारीख होती, दोन वर्षांपूर्वीची. "गादीखाली होतं," ती म्हणाली. "आधी द्यायचं राहिलं. मग जितके दिवस गेले तितकी जास्त भीती वाटायला लागली. ग्रंथपालबाई फार ओरडतात. उद्या मी परत देणार आहे." तिने पुस्तक छातीशी धरलं. "तुम्ही याल? पण आत यायचं नाही. आणि काही बोलायचं नाही. नुसतं दारात उभं राहायचं."

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि इस्त्रीचा शर्ट घालून ते शाळेच्या ग्रंथालयाच्या दारात उभे राहिले. पुस्तकांची मांडणी चुकीची होती, टेबल उजेडाकडे पाठ करून ठेवलं होतं, आणि लेकीला उभं करून बाई भलतंच काहीतरी शोधत होत्या. भाऊसाहेब काही बोलले नाहीत. बाईंनी पुस्तकावरची तारीख वाचली, चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज चढवला. लेक बोलू लागली. तिचा आवाज दारापर्यंत येत नव्हता, फक्त पाठ दिसत होती. मध्येच एकदा तिने मागे वळून पाहिलं. बाबा तिथेच होते. ती परत बाईंकडे वळली आणि पुढचं सांगू लागली.